मनगटातले चार गुरुवार

उरवडे,
२८ डिसेंबर २००९

ती. बहिरूदादांस हैबतरावाचा वाकून नमस्कार.

तुमची आणि वहिनींची प्रकृती ठीक असेल, म्हैस सुखरूप व्याली असेल, असं धरून चालतो. इकडे तुमची बहीण सारजा औषधपाण्यावर आहे आणि माझी तब्येत उत्तम आहे. उत्तम आहे हे मी आनंदाने लिहीत नाही, त्याचा खुलासा पुढे येईल. सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण मी फोनवर बोलायला लागलो की चारी खोल्यांतले कारखान्यातले भाडेकरू जेवायचे थांबतात (असं सारजाचं म्हणणं), आणि ही गोष्ट कारखान्याच्या रात्रपाळीपर्यंत पोचावी अशी नाही.

सारजाला तीन वर्षांपासून आमवात आहे हे तुम्ही जाणताच. कोथरूडच्या ज्ञानदा मॅडम, सांध्यांच्या डॉक्टर, यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी दिली होती. वार गुरुवार, तीही दुपारच्या जेवणानंतर. गुण आला. मॅडम म्हणाल्या होत्या, डिसेंबरात मशीनवर सांधे बघू. शांत दिसले तर गोळी कमी करू, नाही दिसले तर वाढवू, कारण आत सूज राहिली तर हाड झिजतं आणि बोटं वाकडी होतात ती कायमची. त्यामुळे सारजाचा सगळा जीव त्या तपासणीत अडकलेला. हात कसा आहे म्हणून कुणीही विचारा, तिचं उत्तर तीन वर्षं एकच, बरं हाय. भात झोडताना बरं हाय, पाण्याचा तांब्या हातातून सुटून माझ्या पायावर पडला तरी बरं हाय. मी त्यावर विश्वास ठेवत आलो. खरं सांगायचं तर ते मला सोयीचं होतं.

गेल्या गुरुवारी गेलो. दारावर सोनोग्राफी असं लिहिलेलं, आत भिंतीवर गर्भलिंग तपासणी केली जात नाही असा हा मोठा फलक. सारजाने तो वाचला, बाकावरच्या दोन गरोदर पोरींकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरून मला बाहेर चला म्हणाली. (चौपन्नाव्या वर्षी ओळखीचं कुणी बघितलं तर गावात काय सांगायचं, हा तिचा प्रश्न. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.) तेवढ्यात आमचा नंबर लागला.

दादा, त्या खोलीत मी जे पाहिलं ते असं. मॅडमनी तिच्या मनगटावर गार मलम चोपडलं आणि त्यावरून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र अलगद फिरवलं. पडद्यावर तिचं मनगट आतून उघडलं. न कापता, न टोचता! पांढरी रेघ म्हणजे हाड, तिच्यावर करडा पट्टा म्हणजे शीर, मधे काळी फट म्हणजे सांधा. एकतीस वर्षं हा हात माझ्या ताटात वाढतोय आणि मी तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. मग मॅडमनी एक बटण दाबलं. रक्ताची धाव जिथे जास्त तिथे लाल दिसतं म्हणाल्या. आणि त्या काळ्या फटीत लाल ठिपके पेटले, विझले, पुन्हा पेटले. भाताच्या तुसाचा ढीग वरून गार दिसतो आणि आतून आठ-आठ दिवस धुमसत राहतो, तसं. वरून हाताला सूज म्हणावी अशी नव्हती. मी खुर्चीत बसून होतो तो उठून उभा राहिलो, देवळात राहतो तसा.

मॅडमनी शांतपणे विचारलं, मावशी, गोळ्या चुकल्या का?

सारजा म्हणाली, “चुकल्या न्हाईत. मीच सोडल्या. मार्गशीर्षातलं चार गुरुवार. उपाशीपोटी घ्यायची न्हाई म्हनला व्हता तुमी.”

उपास कशासाठी धरला होता, असं मॅडमनी विचारलं. सारजा पडद्याकडेच बघत होती. “हातासाठीच की,” म्हणाली.

मॅडमनी कागदावर चार गुरुवार लिहून घेतले. मी खाली पाहिलं, कारण चारी गुरुवारी रात्री पुरणपोळीचा नैवेद्य मीच दोन-दोन वेळा मागून खाल्ला होता आणि गोळीचं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

पुढचं लिहायला नको वाटतं. निरोगी सांधा कसा दिसतो ते मावशींना दाखवते म्हणून मॅडमनी माझा हात मागितला. मी म्हटलं, मॅडम, माझे सांधे हिच्याहून वाईट आहेत. (पंधरा वर्षं लावणीच्या दिवसांत मी सांध्यांमुळेच बांधावर बसतो, हे तुम्हीही पाहिलंय.) यंत्र फिरलं. काळंभोर, स्वच्छ, एक लाल ठिपका नाही. काका, अगदी तरुण पोराचे सांधे आहेत, असं म्हणून मॅडमनी कौतुक केलं. दुसरा हात, मग दोन्ही गुडघे, सगळं तसंच. सारजाने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराने स्वतःच्या मनगटावरचं मलम पुसलं. भांडली असती तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली, दादा, हे तुम्हालाच लिहितो.

गोळी कमी झाली नाही, वाढली. वारही बदलला. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा असं करत आम्ही तिघांनी मिळून बुधवार शोधला, त्या दिवशी आमच्या घरी कुणाचा उपास नसतो. हाड अजून शाबूत आहे, वेळेत आलात, असं मॅडम म्हणाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
हैबतराव

ता. क. सहा आठवडे सारजाच्या मनगटाला पट्टी आहे, भाकरी थापायची नाही. भाकऱ्या मी करतो. तांदळाच्या पिठात पाणी गार घालायचं की उकळतं, आणि किती, ते वहिनींना विचारून तातडीने कळवा. पत्र ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर टाका. मला लहानपणापासून येतं असं मी तिला सांगून बसलोय.

ता. क. दादा, मी सारजा. पाकिटाला लावाया भाताचं शीत आन म्हनलं मला ह्यांनी, आन् सोताच भाडेकरूसंगं बोलत बसलं, तवर वाचलं. अक्षर वाकडं हाय, गोड मानून घ्या. दादा, हात दुखतुया. तीन वरसं दुखतुया. आता बरं हाय म्हनलं तर हे ऐकून घेत न्हाईत, चुलीपाशी शेजारी बसवून पुन्ना इचारत्यात, म्हनून काल त्यांना सांगितलं. पान्याचं कळवू नका. भाकरी जमली की हे चुलीपासनं उठत्याल.