बुलियाच्या रस्त्यावरची दोन घरं

विंडोरा, गुरुवार

प्रिय रोवीना,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, मनावर घेऊ नकोस. आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, तरी या रस्त्यावर माझ्याइतकं तुला ओळखणारं दुसरं कोणी नसेल. बुलियाहून गुरं भरून क्विल्पीला निघालेला प्रत्येक ट्रकवाला माझ्या पंपावर थांबतो. मी त्याच्यापुढे ताटली ठेवते आणि सहज विचारल्यासारखं तुझ्याबद्दल विचारते. तू केस कापलेस ते मला कळलं. त्या रेताड अंगणात लिंबाचं झाड जगवलंस, तेही कळलं. टेड डॉबिन तर एकदा खाता खाता म्हणाला, “रोवीनाच्या हातचा केक खाल्लायस का कधी, एनिड? माणूस घर विसरतो.” मी म्हटलं, “विसरतो खरा. मला अनुभव आहे.” त्या दिवशी टेडला दुसरा चहा मिळाला नाही.

मर्व माझा नवरा होता तेव्हा तो घरी यायचा म्हणजे ट्रक यायचा, एवढंच. बूट न काढता जेवायचा, झोपायचा, उठून निघायचा. रस्ता कसा होता विचारलं की म्हणायचा, “लांब.” आमचं भांडणसुद्धा कधी झालं नाही, भांडायला माणूस घरी लागतो. मग त्याच्या फेऱ्या बुलियाला रेंगाळू लागल्या, आणि एका उन्हाळ्यात त्यानं निरोप पाठवला की उरलेले कपडे कोणाला तरी देऊन टाक. मी ते परसात जाळले. तुला हे त्यानं सांगितलं नसेल.

यंदाच्या पुराचं तुला काय सांगायचं, तुझ्या दारातही पाणी होतं. मर्व क्विल्पीहून रिकामा ट्रक घेऊन कूपर नदी ओलांडून आला आणि त्याच्या पाठोपाठ कूपर चढली. पुढे तुझ्या वाटेवर बेडुरीपर्यंत नुसतं पाणी. विंडोराचं बेट झालं. पबच्या खोल्या अडकलेल्या लोकरकाप्यांनी भरून गेल्या होत्या, म्हणून तो टोपी हातात धरून माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, “मागच्या पडवीत चालेल मला, एनी.” मी बिनतारी रेडिओवर तुला कळवलं, मर्व विंडोराला सुखरूप आहे. कोणाकडे, ते बोलले नाही. पण तुला ते कळलं असणार. या मुलखात रेडिओवर खोकलं तरी चार घरांतून औषध सुचवतात.

पहिल्या सकाळी मला जाग आली ती चहाच्या वासानं. मला वाटलं स्वप्न आहे. स्वयंपाकघरात हा माणूस किटली घेऊन उभा, मला विचारतोय, “साखर अजून एकच ना?” जेवण झालं की ताटल्या धुवायचा, वाळलेले कपडे घडी करून ठेवायचा. माझा गुडघा दुखतो का, ते विचारायचा. एकदा न राहवून मी विचारलं, “हे कुठे शिकलास?” ताटली पुसत म्हणाला, “रोवीना म्हणते, खाल्लं त्यानं धुवावं.” रोवीना, हेच वाक्य मी त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकवत होते. माझ्या तोंडून ती कटकट होती, तुझ्या तोंडून सुविचार झाला.

तेव्हा मला माझ्या मत्सराचं खरं मूळ सापडलं. इतकी वर्षं मी समजत होते की तू माझा नवरा नेलास. त्याचं दुःख कधीच आटोक्यात आलं होतं, कारण तो नवरा काही फार मोलाचा नव्हता. पण हा घरात वावरणारा, गोष्टी सांगणारा, चुकलं तर “चुकलं” म्हणणारा माणूस मला कधी मिळालाच नव्हता. कच्चं फळ मी दातांनी फोडत बसले आणि पिकल्यावर ते तुझ्या ओच्यात पडलं.

मी ठेवणीतला निळा झगा बाहेर काढला, तेही सांगून टाकते. पोस्टातली ग्लॅडिस म्हणाली, “काय गं, पूर उतरू नये असं वाटतंय ना?” मी म्हटलं, “माझं पेट्रोल खपत नाहीये, मला कशाला तसं वाटेल?” पण रोज सकाळी नदीवर जाऊन पाण्याची खूण बघत होते. खाली गेलेली दिसली की परतताना पाय जड व्हायचे. तो माझा नव्हता. मलाही तो परत नको होता. फक्त तो तुझ्याकडे जाऊ नये, असं वाटायचं.

मग एके दिवशी व्हरांड्यात बटाटे सोलत बसलो होतो. त्यानं चहा ओतला तो अर्धा कपाबाहेर. मी म्हटलं, “मर्व, डोळ्यांना काय झालंय?” त्यानं सांडलेला चहा बाहीनं पुसला. मग म्हणाला, “मधलं गेलंय. कडेचं दिसतं, पण जिकडे बघतो तिथंच काही नसतं.” क्विल्पीहून येताना डांबराच्या त्या एकेरी पट्टीवर समोरून गाडी आली, ती त्याला दिसलीच नाही. गाडीवाल्यानं भोंगा वाजवून गाडी मातीत घातली म्हणून वाचले. “आत पोरं होती, एनी. ओरडताना ऐकली मी.” मी विचारलं, रोवीनाला माहीत आहे? म्हणाला, “नाही. तिनं घरात घेतला तो ट्रक चालवणारा माणूस. आंधळ्याला घेऊन ती काय करील?” “मग मला कसं सांगितलंस?” तर म्हणतो, “तुझ्यापुढे आता माझं काय जायचं राहिलंय?”

हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. त्याचं सगळं तुझ्यापाशी होतं, हे एक नव्हतं. मी ते जपून ठेवलं. रविवारी रेडिओवर तुझा आवाज आला, “त्याला म्हणावं घाई करू नको, सावकाश चालवत ये,” तेव्हा मी मान खाली घालून हसले. असं हसू मला शोभत नाही, पण आलं.

आता पाणी ओसरलंय. काल रस्ता सपाट करणारा ग्रेडर पुढे गेला, शनिवारी ट्रक सोडणार आहेत. मर्व म्हणतो, रस्ता मला पाठ आहे, तुझ्या बडबडीनं मी थांबणार नाही. आज सकाळी मी त्याच्या ट्रकची चावी काढून स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लावली, अगदी उजेडात. लपवायचं मनात होतं, पण धीर झाला नाही. तो सकाळपासून ती शोधतोय. खिळ्यासमोरून कितीदा गेला. आत्ताच मला विचारून गेला, “तू पाहिलीस का गं?” मी नाही म्हटलं, आणि आत येऊन हे पत्र लिहायला घेतलं. रेडिओवर बोलले असते तर अख्ख्या मुलखासमोर त्याची लाज गेली असती. पत्र टपालाच्या विमानानं आज दुपारी तुझ्याकडे पोचेल. वैमानिकाला सांगून ठेवलंय, उद्या परतताना तो तुझ्यासाठी जागा ठेवील. ये आणि त्याला घेऊन जा. तू आंधळ्या माणसाचं काय करशील ते मला ठाऊक नाही, पण जिनं त्याला ताटल्या धुवायला लावलं तिला हेही जमेल. तो माझ्यावर चिडेल, परत कधी या दारात उभा राहणार नाही, तेही मी धरून चालले आहे. माझ्यापाशी होतं ते तुला दिलं. फक्त त्यानं ते आधी मला सांगितलं होतं, एवढं माझ्याकडे राहू दे.

तुझी कोणीच नसलेली,
एनिड