ताडकळस बंद केलं

मंगळवार, संध्याकाळ

आज दवाखान्यातला एक सर्व्हर बंद पडला. त्यावरची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत चालणारे वेगवेगळे संगणक, आपोआप दुसऱ्यावर सुरू झाली, पण मेमरी पुरेना. केसपेपर निघेना, रांग वाढली. जागा अडवून बसलं होतं ताडकळस. मला हे काम शिकवणाऱ्या जाधव सरांचं सरावाचं मशीन, स्वतःच्या गावाचं नाव दिलेलं. सर वारल्यावरही मी ते चालूच ठेवलं होतं. कशासाठी?

"राहू द्या, दुसरं कायतरी बंद करू," सोबतचे शेखभाई म्हणाले.

खिडकीतून एक आजी ओरडल्या, "लेकरू तापलंय, बाबा!"

मीच ताडकळस बंद केलं. केसपेपर निघायला लागले.

शेखभाई हळूच म्हणाले, "सर असते तर लय बोलले असते. माझं गाव कशाला राखत बसलाव, म्हणून."

बंद केलं. पुसून टाकायचं मात्र जमलं नाही.