कायले आले जी

नवेगाव बांध, १२ मे १९५४

टेकडीवरच्या पाहुण्यांच्या दोन खोल्या, चार सागवानी खाटा, तलावातली डोंगी, सगळं माझ्या हातचं. कुणाकडे शिकलो नाही. खाटांना एक खिळा नाही.

नागपूरचे मास्तर आठवडाभर राहिले, हिच्या हातच्या मासळीचं कौतुक करत गेले. पुण्याचं जोडपं मात्र आज आल्यापावली परतलं. बायको पाणी घेऊन पुढे झाली नि म्हणाली, "एवढ्या उन्हात कायले आले जी?" आमच्याकडे ही माया. त्या बाईंना वाटलं, हाकलून राहिली.

मी हिला म्हणालो, "पाहुण्यांपुढे तोंड उघडू नको." असं का बोललो?

"मंग मुकीच करून आणाची होती, मले कायले आणलं?" एवढं म्हणून गप्प झाली ती झालीच.

संध्याकाळी गोंदियाचे गिरणीवाले सेठ भागी मागायला आले; वाटेत त्यांना ते पुण्याचं जोडपं भेटलं होतं. "जगह बढ़िया है, भाऊ. बाई को पीछे रखो, बोलनेवाला आदमी हम लाएँगे." माझंच बोलणं त्यांच्या तोंडून किती ओंगळ वाटलं! आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नाही म्हणालो. ती तरीही बोलली नाही. सेठ निम्म्या भागीचे रोख अडीच हजार रुपये देत होते.