हातोडीचा आवाज

प्रिय ठमे,

महिनाभर तुझा फोन नाही. केला असतास तरी मी नेहमीसारखं नुसतं हं हं केलं असतं. लिहायची सवय गेली आहे, अक्षर लावून वाच.

घर ठीक आहे. तुझ्या खोलीची खिडकी फुगून पुन्हा अडकते. गोदीत मी हल्ली जात नाही. तिथे सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात, तेच सोसत नाही. बोट वादळाने बुडाली असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. तिघे पोहून परत आले, इंजिनवाला आला नाही. त्याची बायको रस्त्यात भेटली, तर उलट मलाच धीर देऊ लागली. मी मान डोलावली.

ती बोट तपासली ती संध्याकाळ तू विसरली नसशील. ऊन उतरल्यावर तू तो उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन आलीस आणि मी तुला सगळ्यांदेखत बोटींचा ताप बघणारी डॉक्टरीणबाई म्हणालो. इंजिनवालाच सर्वांत मोठ्याने हसला होता. पडद्यावर सगळा तळ थंड, निळा पडला होता, फक्त मागच्या बाजूला एक नारिंगी डाग राहिला होता. आत पाणी मुरलंय, ते दिवसभराची ऊब धरून ठेवतं, असं तू शांतपणे समजावलंस. मी तिथेच हातोडीचे चार ठोके मारले, कान लावला आणि तळ खणखणीत आहे म्हणून सांगितलं. चौतीस वर्षांच्या हातोडीपुढे तुझं खेळणं कोण मानणार? बोटीच्या मालकाने माझा शब्द उचलून धरला. तू कॅमेरा पिशवीत घातलास आणि चहा न घेता गेलीस.

ठमे, मला ते ठोके ऐकूच आले नव्हते. कोरडा तळ टणटण वाजतो, ओला बद्द वाजतो, एवढ्यावर मी जन्म काढला. दोन वर्षं झाली, मला दोन्ही सारखेच. हाताला बसणाऱ्या हादऱ्यावर भागवायचं, माणसांचे ओठ बघून बोलणं ताडायचं, नाही जमलं तर हसून वेळ मारून न्यायची. सांगितलं असतं तर हातोडी सुटली असती, आणि त्याची मला भीती वाटत होती. तुझं खरं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी खोटं बोललो.

आज बंदराच्या कचेरीत हे सगळं लिहून दिलं. मग इंजिनवाल्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला सांगितलं. ती काय बोलली ते कळलं नाही. तिच्या ओठांकडे बघायचा धीर झाला नाही.

या दोन वर्षांत मी चांगल्या ठरवलेल्या आणखी सात बोटी पाण्यात आहेत. यादी मागच्या पानावर आहे. त्यांचे मालक म्हणतात, म्हातारा दुःखाने भ्रमला आहे, त्याचा आधीचाच शब्द खरा. तुझी चित्रं बघितल्याशिवाय ते बोटी थांबवणार नाहीत. कॅमेरा घेऊन ये. माझ्यासाठी नको, त्या बोटींवरच्या माणसांसाठी ये. दारातून हाक मारू नकोस, सरळ आत ये. कडी लावत नाही मी आता.

तुझाच,
बाबा