युसुफचाचांना काय सांगू

रविवार, फेब्रुवारी २००४. भिवंडी

आज खोटं बोललो. तेही युसुफचाचांशी, ज्यांनी मला लूम चालवायला शिकवलं.

त्यांची नजर गेली त्याला वर्ष झालं. पण बादल धावणार म्हटल्यावर राहवेना. "तू बघ, मला सांगत जा," म्हणाले. एकदाही न हरलेला घोडा. रेसकोर्सच्या रेलिंगपाशी माझं मनगट धरून ते ऐकत होते. बादल तिसरा, दुसरा, आता पहिला! चाचा खुदकन हसले.

शेवटच्या वळणावर बादलचा पुढचा पाय मोडला. जॉकी फेकला गेला. घोडा तीन पायांवर उभा राहायला बघत होता. सगळे गप्प.

"काय झालं रे वसंत? लोक गप का? बादल कुठं हाय?" मनगटावरची पकड घट्ट झाली.

माणसांनी धावत येऊन घोड्याभोवती हिरवा पडदा धरला. पडदा लागला की घोडा परत येत नाही, हे चाचांनीच मला सांगितलेलं.

"दुसरा आला, चाचा. थोडक्यात हुकला."

"चालतंय. दमला आसंल."

मनगट अजून दुखतंय. तिथंच सांगायला हवं होतं का? पण कसं? उद्या टपरीवर कोणीतरी पेपर वाचून दाखवेलच. म्हणून मघाशी त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत चाचा नातीला शर्यत सांगत होते, माझ्याच शब्दांत. बादल तिसरा, दुसरा, आता पहिला! ती टाळ्या वाजवत होती.

तसाच परत आलो.