कफ्र नखलापर्यंत चौदा किलोमीटर

मंगळवार, ६ फेब्रुवारी २००१

रबाबला मुलगी झाली! पहाटे पाचला. जावयाने वाण्याच्या फोनवर कळवलं — मला नाही, माझ्या बायकोला, इन्साफला. मी दुकानात हात पुसत उभा, आणि ही रस्त्यातूनच ओरडत आली, "रबाबचे बाबा, आजोबा झालात!"

तीन वर्षं झाली, लेकीच्या दारी गेलो नाही. लग्नात मी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून, रंगवून दिलेला फ्रीज तिच्या सासऱ्याने परत पाठवला. म्हणे, "जुना माल नको." आणि रबाब काय बोलली? "बाबा, त्यांचंही खरं आहे." नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. भर अंगणात, चार पाहुण्यांसमोर तोंडाला येईल ते बोललो. शपथाही घेतल्या म्हणे. आता काय त्याचं! उस्ताद बहगत तोंडाचा फटकळ, हे अख्ख्या फयूमला ठाऊक आहे.

पण नात ती नात. सातव्या दिवसाचा सोहळा सोमवारी. त्याच्या आत मी जाणार. उद्याच! इन्साफला तसं सांगितलं. चहा ठेवते म्हणाली आणि चहा काही आला नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

मोटरसायकलची टाकी काठोकाठ भरली. तीन किका फुकट, चौथीला सुरू — बावीस वर्षांचा तिचा स्वभाव आहे हा. थंडीत चोक ओढावा लागतो, एवढंच. कालव्याच्या कडेने निघालो. पाचव्या किलोमीटरला वीटभट्टीपाशी धापा टाकल्यासारखी झाली आणि बंद!

झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल गळ्यापर्यंत. झाकण लावलं, अकरा किका मारल्या. सुरू झाली. दोन किलोमीटरवर परत तेच. माघारी वळलो. भट्टीवरचे लोक हसायला लागले, "उस्ताद, गाढव घ्या, गाढव!" कशीबशी घरी पोचलो, आणि अंगणात आल्यावर अशी छान बोलायला लागली की जणू काही झालंच नाही.

इन्साफ मायक्रोबसने रबाबच्या गावी, कफ्र नखलाला जाऊन आली. डब्यात कबुतराचं सूप नेलं होतं. म्हणाली, पोरीचं नाक तुमचंच आहे. बिचारी पोर!

गुरुवार, ८ फेब्रुवारी

प्लग काढला. ठणठणीत कोरडा. म्हणजे ठिणगीचा दोष नाही, पेट्रोलच पोचत नाहीये. कार्ब्युरेटर वर्तमानपत्रावर उघडला. जेटचं बारीक भोक उजेडाला धरून पाहिलं, आरपार दिसलं. तरी फुंकलं. फ्लोट हलवून पाहिला, सुई घासून बसवली. मग टाकीऐवजी वर पेट्रोलची बाटली टांगली आणि एक तास इंजिन चालवलं. एकदासुद्धा अडखळली नाही!

इन्साफ दाराशी येऊन उभी. "सापडलं का?"

"जेट साफ केलं. आता होईल."

"बरं," म्हणाली. तिच्या कपाळाला घाम, या थंडीत. रोजचे दोन फेरे, माणूस थकणारच.

लग्नाच्या पहिल्या वर्षी हीच दुकानात माझ्याजवळ बसून नट खोलायचे पाने द्यायची. दहा नंबर मागितला तर कधी बारा नंबर हातात आला नाही. वस्ताद होती!

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

सकाळी टाकी उतरवली. झाकण खिशात टाकलं, पेट्रोल ओतून काढलं, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक खोलला, जाळी धुतली. धार पाहिली — करंगळीएवढी जाड! यापेक्षा जास्त काय हवं माणसाला? नमाजनंतर अर्धी टाकी भरून निघालो. भट्टी गेली. पूल गेला. मोठ्याने गाणं म्हणायला लागलो, खोटं कशाला बोलू. नवव्या किलोमीटरला, कालव्याचं पाणी अडवायच्या दरवाजापाशी, बंद.

नशिबाने शुक्री तिकडून येत होता. चाळीस वर्षांचा दोस्त, समोरच्या गल्लीतला माझ्यासारखाच मेकॅनिक. त्याच्या छोट्या टेम्पोत गाडी चढवली. वाटभर त्याची जीभ थांबेना.

"उस्ताद, हात गेला की कान गेला?"

"तुझी अक्कल गेली. गप्प चालव."

"अरे ठिणगीची कॉइल तापत असेल. थांबलास की थंड होते, म्हणून परत सुरू होते. आणि समोरून मायक्रोबस जातेय की दर अर्ध्या तासाने! बस त्यात."

बसेन? ती थांबते रबाबच्या सासऱ्याच्या चहाच्या दुकानासमोर. सगळी बाकं भरलेली असतात. मेकॅनिक बहगत लेकीकडे आला, आणि तोही लोकांच्या चाकांवर! त्या फ्रीजवाल्याला आयतं कोलीत. आणि खरं कारण वेगळंच आहे. रबाब दोन वर्षांची असल्यापासून या टाकीवर बसून फिरली. दोन्ही हातांनी हँडल धरून "मी चालवतेय" म्हणायची. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की दारात धावत यायची. एकदा, फक्त एकदाच, तिने तो आवाज आतून ऐकावा. मग मला माफी मागावी लागणार नाही. मला ती मागताच येत नाही, त्याला काय करू?

शनिवार, १० फेब्रुवारी

कॉइलही नव्हे. जुनी काढली, नवी घातली, तेच. आज आठव्या किलोमीटरला. ढकलत आणली.

रबाबचे बाबा संपले, असं आज पहिल्यांदा वाटलं. लोक कैरोहून गाड्या घेऊन यायचे माझ्याकडे. नुसत्या आवाजावरून सांगायचो. आणि आता घरचीच गाडी ओळखू येत नाही! रडू आलं. दुकानाचं शटर ओढून घेतलं, कोणी पाहायला नको.

इन्साफ परवाच्या सोहळ्याच्या तयारीत. चाळणी, खलबत्ता, सात धान्यं. मंगळवारीच आणून ठेवलेल्या गुलाबी मेणबत्त्या — तीन नावांच्या तीन पेटवायच्या, शेवटी विझेल तिचं नाव पोरीला. म्हटलं, एका मेणबत्तीला आईचं नाव दे, माझ्या आईचं. "दिलंय," म्हणाली आणि पाठ फिरवली. मला वाटतं तिलाही रडू येत होतं.

रविवार, ११ फेब्रुवारी

सापडलं.

पुन्हा काठोकाठ टाकी, पुन्हा वीटभट्टी. तेव्हा डोक्यात आलं — भरलेली टाकी लवकर थांबते, अर्धी उशिरा. असं का? आणि दर वेळी सुरू कधी होते? मी झाकण उघडून आत पाहिल्यावर! थंड होऊन नाही, आराम करून नाही. या वेळी कान लावून झाकण सैल केलं. सूऽऽ... हवा आत खेचली गेली. टाकी गुदमरत होती. झाकणाच्या भोकातून हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरतच नाही, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो! बाटलीला झाकण नव्हतं. टाकी धुताना झाकण माझ्याच खिशात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

झाकण उलटं केलं. भोक आतल्या बाजूने बुजवलेलं. सुईने उकरलं.

मेण. गुलाबी मेण.

घरी येऊन तो कण इन्साफच्या ताटात ठेवला. तिने नाकारलं नाही. ज्या बाईला ते भोक कशाचं हे मी स्वतः शिकवलं, तिने पाच दिवस रस्त्यावर माझं हसं केलं. चहा विचारला, "सापडलं का" विचारलं! लेक हिची एकटीची आहे का? नातीचं नाक हिने रोज पाहायचं आणि मी भट्टीवाल्यांचं हसणं ऐकायचं? मी ओरडलो. मग जेवलो नाही. उद्या एकटा जाईन. हिचं तोंड पाहणार नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

पहाटे ती उशाशी येऊन बसली. म्हणाली, "भर अंगणात काय बोलला होतात? 'रबाबच्या उंबऱ्यात पाय ठेवला, तर माझ्या बायकोला तलाक!' तुम्ही विसरलात. मी कशी विसरू? पाय तुमचा पडणार होता, घराबाहेर मी जाणार होते."

"सांगायचं होतंस!"

"तुम्ही म्हणाला असतात, मी असं बोललोच नव्हतो."

म्हणालो असतो.

तडक मशिदीत शेख मुतवल्लींकडे गेलो. मान वर होईना. ते म्हणाले, रागाची धमकी होती, बायकोला सोडायचं मनात नव्हतं ना? नव्हतं. मग तलाक नाही. पण शपथ मोडायची तर दहा गरिबांना जेवू घाल. मशिदीच्या दारातच शिजवलेल्या वालाची उसळ, भाकरी आणि अंडी वाटली. इन्साफने मोजले, दोनदा. दहा.

मग ती माझ्या मागे बसली. चौदा किलोमीटरांत गाडी एकदाही थांबली नाही. मीच थांबलो, उंबऱ्याच्या अलीकडे. आत रबाब उभी होती, पोर छातीशी. इन्साफ आत गेली, वळली, माझ्याकडे बघून म्हणाली, "या."