निळं खापर

शुक्रवार, २० फेब्रुवारी १९९८, अल् खुवैर

सापडलं एकदाचं! दीड हजार वर्षांपूर्वीच्या इराणी रांजणाचं ते निळं खापर. चित्र काढायला उत्खननावरून मीच घरी आणलेलं, आणि उद्या परत द्यायचंय. दुपारपासून सगळं घर उलटंपालटं केलं. शेवटी सासूबाईंना विचारलं.

"ते फुटकं होय? कढीपत्त्याच्या कुंडीत घातलं, तळाच्या भोकावर. माती वाहून जात नाही."

तशीच धावले. कुंडी पालथी केली, ब्रशने हळूहळू माती झाडली. निळा रंग जसाच्या तसा, ओरखडासुद्धा नाही! हुश्श. रागावू तरी कशी? बसलं होतं अगदी फिट्ट.

"मग आता भोकावर काय घालू?" त्यांनी विचारलं.

माझा कानतुटका कप फोडून दिला. हजार वर्षांनी कुणीतरी काढेल त्याचं चित्र.